ओझे दप्तराचे, ओझे कौतुकाचे

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एक वाद हमखास रंगतो. सुरुवात बहुधा आजोबा करतात. "आमच्या वेळी पंचावन्न टक्के म्हणजे गावात नाव होतं," असे म्हणत ते पेढा तोंडात टाकतात. "आता काय, गुणांची खिरापतच चालली आहे," अशी पुस्ती काका जोडतात. आई मात्र लेकीची बाजू घेते, "तुम्हाला काय माहीत? पोरगी सकाळी सहाला घराबाहेर पडते, ती रात्री नऊला येते." आणि जिच्यावरून हे सारे चाललेले असते ती मुलगी कोपऱ्यात बसून मोबाइलवर मैत्रिणींचे गुण पाहत असते. एक्क्याण्णव टक्के मिळूनही तिचा चेहरा उतरलेला असतो.

या वादात खरे म्हणजे दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. कोणत्या पिढीतल्या विद्यार्थ्याने जास्त कष्ट उपसले, हा पहिला. आणि कोणत्या पिढीतला विद्यार्थी स्वत:ला काय समजत होता, हा दुसरा. जुन्या पिढीचे म्हणणे थोडक्यात असे की, आम्ही कष्ट जास्त केले आणि मिजास कमी दाखवली. हल्लीची मुले कष्ट कमी करतात आणि स्वत:ला फार समजतात. वाक्य ऐकायला झकास आहे. पण बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माझ्यासारखीला कोणतीही बेरीज ताळा करून पाहिल्याशिवाय मान्य करवत नाही. तेव्हा आज हा ताळाच करून पाहू.

पायपीट कोणाची, मोजदाद कोणाची

जुन्या काळातल्या कष्टांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १८७५ साली इयत्ता सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी कोकणातल्या मुरूडहून साताऱ्याला चालत गेले. घाट चढून जाण्याची ती वाट शंभराहून अधिक मैलांची होती. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षा समितीने त्यांच्या किरकोळ अंगलटीकडे पाहिले आणि या मुलाला सतरा वर्षे पुरी झाली आहेत हे मानायलाच नकार दिला. परीक्षेला न बसता कर्वे परत फिरले आणि पुढल्या वर्षी कोल्हापूरला परीक्षा देऊन उत्तीर्ण झाले. या हकिगतीत आज नवल वाटते ते पायपिटीपेक्षा परत फिरण्याचे. आपला केवढा अपमान झाला, आपले वर्ष गेले, असा आकांत त्यांनी केला नाही. पुन्हा अभ्यासाला लागले.

वार लावून जेवणारे, माधुकरी मागणारे, कंदिलाच्या उजेडात डोळे शिणवणारे विद्यार्थी त्या काळी शहरोशहरी होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे वसतिगृहांतून खेड्यापाड्यांतल्या मुलांना कमवून शिकण्याची वाट दाखवली. त्या मुलांनी दगड फोडले, शेते नांगरली आणि उरलेल्या वेळात पदव्या मिळवल्या.

हे सगळे खरे. पण या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या जे टिकले त्यांच्याकडून. जे वाटेतच गळाले त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. १९५१ च्या जनगणनेत देशातले साक्षर जेमतेम १८ टक्के होते आणि स्त्रियांमध्ये तर ९ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे 'आमच्या वेळचा विद्यार्थी' म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात, तो आधीच चाळणीतून गाळून उरलेला होता. त्याची तुलना आजच्या सरसकट साऱ्या मुलांशी करणे म्हणजे ठेवीदारांपैकी फक्त श्रीमंतांची खाती पाहून गाव सधन आहे असे म्हणण्यासारखे झाले.

माझ्या आईची शाळा चौथीत सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी दुसरे कोणी नव्हते, एवढेच कारण. तिला पावकी, निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे अखेरपर्यंत तोंडपाठ होते. वाण्याच्या हिशेबातली चूक ती उभ्या उभ्या काढत असे. सोळा माणसांच्या घराचा किराणा ती कागदाला पेन्सिल न लावता महिन्याच्या महिन्याला बसवी. पण कोणी शिक्षणाचा विषय काढला की, "मी बाई अडाणी," असे म्हणून मोकळी होई. तिच्या कष्टांना कोणी अभ्यास म्हटले नाही, म्हणून तिनेही स्वत:ला हुशार म्हटले नाही. जुन्या पिढीची विनम्रता म्हणून आपण जिचे कौतुक करतो, तिच्यात असे न मिळालेल्या मोजमापाचे दु:ख किती मिसळलेले आहे, हे एकदा तपासायला हवे.

पंचाहत्तरची दहावी

आता माझ्या पिढीकडे वळते. मार्च १९७५ मध्ये महाराष्ट्रात दोन शालान्त परीक्षा झाल्या. जुन्या अभ्यासक्रमाची अकरावीची आणि नव्या आकृतिबंधाची दहावीची. आम्ही त्या नव्या दहावीच्या पहिल्या तुकडीतले. नवे गणित, नवे विज्ञान, शिकवणारे गुरुजीही नवशिकेच. त्यात त्या वर्षी दोन तुकड्या एकदम बाहेर पडल्या, त्यामुळे कॉलेजांपुढे झुंबड उडाली.

आम्ही किती अभ्यास करत होतो? प्रामाणिक आकडा सांगायचा तर एरवी रोज दोन तास आणि शेवटच्या दोन महिन्यांत चार-पाच. बाकीचा दिवस घराचा असे. पहाटे नळाला पाणी येई ते भरायचे, अकराला शाळा, पाचला सुटली की दळण, मग पोळ्या. जेवणे आटोपल्यावर भाऊ पुस्तक घेऊन बसे आणि मी भांडी आवरून त्याच्या शेजारी बसे. शिकवणी लावणे ही त्या काळी मिरवण्याची बाब नव्हती, लपवण्याची होती. 'कच्च्या' मुलांना शिकवणी असे. आज शिकवणी नसलेले मूल शोधावे लागते आणि सापडले तर त्याच्या आईबापांकडे लोक काळजीने पाहतात.

आणि कौतुक? ते आमच्या घरात औषधापुरते असे. मुलांची तोंडावर स्तुती केली की ती शेफारतात, शिवाय दृष्ट लागते, असा दुहेरी बंदोबस्त होता. मला अडुसष्ट टक्के मिळाले. वडिलांनी गुणपत्रिका चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "गणितात एवढे कसे गेले?" त्याच संध्याकाळी त्यांनी शेजारच्या तीन घरांत पेढे वाटले, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. त्या पिढीतल्या वडिलांचे प्रेम असे मागच्या दाराने ये-जा करी.

पण एक गोष्ट होती. मी हुशार आहे का, हे मला ठाऊक नसले तरी मी घराला लागते, हे मला पक्के ठाऊक होते. मी नसले तर पाणी भरले जाणार नाही, धाकट्याला शाळेत कोण सोडणार, हे प्रश्न रोज माझ्या नावाने उभे राहत. माझी किंमत गुणपत्रिकेवर अवलंबून नव्हती. आज मागे वळून पाहताना वाटते, आमच्या पिढीला आत्मविश्वास मिळाला असेल तर तो शाबासकीतून नव्हे, या लागण्यातून मिळाला.

मात्र याचे गोडवेही फार गायला नकोत. त्या काळी कित्येक शाळांतून नापासांची संख्या पासांच्या बरोबरीला येई. 'नापास' हा शेरा कपाळावर गोंदल्यासारखा राही. ऑक्टोबरच्या वाऱ्या करून दमलेली मुले एक दिवस निमूट दुकानात, शेतात, गिरणीत दिसू लागत आणि मुलींची लग्ने ठरत. त्यांना स्वत:बद्दल काय वाटत होते, हे त्यांना कोणी विचारले नाही.

बारा तासांची पाळी

बँकेत लिपिकाचा कामाचा दिवस साडेसहा तासांचा. त्याहून जास्त थांबवून घ्यायचे तर ओव्हरटाइम द्यावा लागे आणि त्यासाठी संघटना भांडत असत. आजच्या अकरावीतल्या मुलामुलींचा दिवस मोजून पाहा. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज किंवा 'इंटिग्रेटेड' नावाचा कॉलेज-क्लासचा जोड प्रकार, संध्याकाळी सराव चाचणी, रात्री त्या चाचणीचे विश्लेषण. दहा-बारा तास सहज भरतात. रविवारी सुट्टी नाही, कारण मोठी चाचणी रविवारी असते. ही पाळी कोणत्याही संघटनेने मान्य केली नसती. तेव्हा हल्लीची मुले कष्ट करत नाहीत, हे वाक्य निदान परीक्षेच्या चरकात सापडलेल्या मुलांपुरते तरी आपण मागे घ्यायला हवे.

दप्तराच्या ओझ्याची चर्चा आपल्याकडे नवी नाही. 'मालगुडी'चे लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेतल्या आपल्या भाषणात १९८९ साली मुलांच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल कळवळून सांगितले. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. २०२० च्या केंद्रीय धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावे आणि दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये, असे सांगितले आहे. महाराष्ट्राने २०२३ पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घालून पाहिली आणि २०२५ मध्ये तो प्रयोग थांबवला.

पण यशपाल समितीने एक मर्माची गोष्ट सांगितली होती, ती वजनकाट्यांच्या गडबडीत मागे पडली. समितीचे म्हणणे होते की दप्तराच्या ओझ्यापेक्षा न कळण्याचे ओझे वाईट. जे समजलेले नाही ते डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षे चालत राहणे, हा खरा भार. या कसोटीवर पाहिले तर पाढे घोकणारे माझे आजोबा, 'गाइड' पाठ करणारी माझी पिढी आणि हजारो बहुपर्यायी प्रश्न सोडवणारा माझा नातू एकाच वाटेवरचे वाटसरू ठरतात. फरक एवढाच की आजोबांची वाट संध्याकाळी पाचला संपत होती.

साता समुद्रापलीकडचा ताळेबंद

स्वत:बद्दलच्या समजुतीचे काय? याचा हिशेब अमेरिकनांनी नीट ठेवला आहे. तिथे १९६६ पासून दरवर्षी महाविद्यालयात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांची पाहणी होते. आपल्या वयाच्या सर्वसाधारण मुलांच्या तुलनेत तुम्ही स्वत:ला कुठे ठेवाल, असे त्यांना विचारतात. 'सरासरीपेक्षा वर' असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण बुद्धीच्या आणि जिद्दीच्या बाबतीत दशकामागून दशके वाढत गेले. त्याच काळात अभ्यासाचे काय झाले? दोन अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या-नव्या पाहण्या जुळवून दाखवले की १९६१ साली तिथला पूर्ण वेळ विद्यार्थी वर्गाबाहेर आठवड्याला सुमारे २४ तास अभ्यास करी, २००३ पर्यंत तो सुमारे १४ तासांवर आला होता. अभ्यास घटला आणि स्वत:विषयीचे मत चढले.

हे आपोआप झाले नाही. मुलांना स्वत:बद्दल चांगले वाटू लागले की ती चांगली होतील, असा एक विचार तिथे जोरात होता. कॅलिफोर्निया राज्याने तर १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदल नेमले. मग २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळून निष्कर्ष काढला की आत्मसन्मान फुगवल्याने गुण वाढतात, याला पुरावा नाही. यशाने आत्मसन्मान थोडा वाढतो, उलटे मात्र होत नाही. म्हणजे घोडा गाडीच्या मागे जुंपला गेला होता.

याउलट दक्षिण कोरिया पाहा. गणित-विज्ञानाच्या २००३ सालच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथल्या आठवीच्या मुलांपैकी गणितातल्या आपल्या हुशारीबद्दल पुरता विश्वास दाखवणारी अवघी ६ टक्के निघाली, अमेरिकेत ३९ टक्के. गुणांत मात्र कोरिया अमेरिकेच्या कितीतरी पुढे. पण म्हणून कोरियाची मुले सुखी आहेत असे समजू नका. रात्री उशिरापर्यंत चालणारे क्लास आणि मुलांवरचा ताण हा त्या देशाचा जुना दुखरा विषय आहे.

गुणांची चलनवाढ

मग आपण कुठे बसतो? माझ्या मते आपण दोन्हीकडचे घेऊन बसलो आहोत. कष्ट कोरियाचे आणि कौतुक अमेरिकेचे.

दहावीचे आकडेच पाहा. २०१९ मध्ये भाषा आणि समाजशास्त्रांतले अंतर्गत गुण काढले, तर राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला. ओरड झाली. पुढल्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. २०२५ मध्ये २११ मुलांना शंभरपैकी शंभर टक्के मिळाले. यात कला-क्रीडेचे सवलतीचे गुण असतात हे खरे, पण शंभर ते शंभरच. एका वर्षात मुले अठरा टक्क्यांनी हुशार होत नाहीत. बदलतो तो मोजण्याचा गज.

बँकेच्या भाषेत याला चलनवाढ म्हणतात. नोटा जास्त छापल्या की माणसे श्रीमंत होत नाहीत, नोटांची किंमत उतरते. 'नीट'च्या २०२४ च्या परीक्षेत सुरुवातीला ६७ जण ७२० पैकी ७२० गुणांनी पहिले आले होते. फेरनिकालानंतर ते १७ उरले. जिथे सदुसष्ट जण पहिले येतात, तिथे सातशे गुण मिळालेल्या मुलाने स्वत:ला काय समजावे?

आणि मुलांना हे बरोबर कळते. आपल्याला वाटते, टाळ्या वाजवल्या की मूल खूश होईल. पण ज्या मुलीला लहानपणापासून, "तू किती हुशार गं," असे ऐकवले आहे, तिला एक्क्याण्णव टक्क्यांवर तोच उद्गार ऐकताना हेही माहीत असते की, हव्या त्या कॉलेजची यादी चौऱ्याण्णवला बंद झाली आहे. घरातले कौतुक आणि बाहेरचा भाव यांत तफावत पडते. ती भरून काढायची जबाबदारी तिची एकटीची.

शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मी हा बदल जवळून पाहिला. २००१ मध्ये या कर्जांची आदर्श योजना आली, त्या सुरुवातीच्या वर्षांत वडील बोलत आणि मुलगा खाली मान घालून बसे. पंधरा वर्षांनी मुलगाच बोलू लागला. पगार किती मिळेल, हप्ता किती बसेल, सारे त्याच्या जिभेवर. मला त्याचे कौतुक वाटे. पण, "पहिल्या वर्षी नोकरी नाही मिळाली तर?" असे विचारले की तो वडिलांकडे पाही. जुन्या मुलाकडेही उत्तर नसे, पण त्याच्या मान खाली घालण्यात नापास होण्याची शक्यता आधीच धरलेली असे. नव्या मुलाच्या अंदाजपत्रकात तो रकानाच नव्हता.

या रिकाम्या रकान्याची किंमत फार मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत सर्वांत वर नाव आपल्या महाराष्ट्राचे होते. प्रत्येकामागची कारणे निराळी असतात, सगळ्यांचे खापर परीक्षेवर फोडता येणार नाही. पण हा आकडा वाचल्यावर, "हल्लीची मुले नाजूक," असे म्हणून पान उलटणे हे आपल्या पिढीला शोभणारे नाही. घरात मूल गप्प गप्प राहू लागले तर १४४१६ या 'टेलि-मानस'च्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, एवढे तरी प्रत्येक घराला माहीत असावे.

शाबासकी कशाला द्यायची?

अमेरिकेतच कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. काहींना सांगितले, "तू हुशार आहेस." काहींना सांगितले, "तू मेहनत घेतलीस." मग पुढचे काम निवडायला दिले, तेव्हा हुशार म्हटलेल्यांनी बहुतांशी सोपे काम मागितले, कारण हुशारीचा शिक्का पुसला जायला नको. मेहनती म्हटलेल्यांनी अवघड मागितले. मध्ये मुद्दाम कठीण कोडी देऊन अपयशाची चव दिल्यावर हुशार मंडळी घसरली, मेहनती सावरली.

आपल्या आजी-आजोबांना हे संशोधन ठाऊक नव्हते, तरी "शेफारेल" या त्यांच्या भीतीत त्यातला एक अंश होता. त्यांची चूक एवढीच की शेफारू नये म्हणून त्यांनी शाबासकीच कुलपात ठेवली. आपण कुलूप तोडले ते बरे केले. पण शाबासकी कामाला द्यायची, की मुलाच्या नावाला, हे ठरवायचे राहून गेले. "तू ते भूमितीचे प्रमेय तीनदा चुकून चौथ्यांदा काढलेस," हे वाक्य बोलायला मुलाच्या शेजारी बसावे लागते. "तू ग्रेट आहेस," हे स्वयंपाकघरातूनही ओरडता येते.

दुसरी गोष्ट घरकामाची. 'तू फक्त अभ्यास कर, बाकी काही बघू नकोस' असे आपण मुलांना प्रेमाने सांगतो. पण याचा दुसरा अर्थ असा होतो की, या घराला तू अभ्यासापुरतीच लागतेस. मग अभ्यासात घसरली की ती कशालाच लागत नाही. मुलीच्याच नव्हे, मुलाच्याही वाट्याला रोजचे एक काम द्यावे. कुकर लावणे, आजीची औषधे काढून देणे, दूध आणणे. अभ्यासाची वीस मिनिटे त्यात जातील. त्या वीस मिनिटांत मिळणारे काहीतरी कोणत्याही चाचणीत मिळणार नाही.

आणि तिसरी गोष्ट आपल्या वयाच्या लोकांसाठी. 'आमच्या वेळी' असे म्हणून सुरू होणारी वाक्ये आपण सोडून देऊ नयेत, पूर्ण मात्र करावीत. किती मैल चाललो ते सांगताना, किती जण वाटेत राहिले तेही सांगावे. किती टक्के मिळाले ते सांगताना, कुठे गचके खाल्ले, कोणती नोकरी हुकली आणि तरीही पुढे संसार कसा उभा राहिला, तेही सांगावे. नातवंडांना आपल्या कष्टांचे आकडे नको असतात. पडल्यावर माणूस पुन्हा उभा राहतो, हे त्यांना ओळखीच्या माणसाकडून ऐकायचे असते. ते सांगणारी माणसे घरात असताना मुले ते अनोळखी लोकांकडे शोधत फिरतात.

माझी आई स्वत:ला अडाणी म्हणत गेली आणि आजची मुलगी एक्क्याण्णव टक्के घेऊन स्वत:ला कमी म्हणते. दोघींच्या मध्ये दोन-तीन पिढ्या, शाळा, पुस्तके, क्लास, लाखो रुपये. एवढे करूनही दोघींना आपली किंमत दुसऱ्याच्या मापानेच मोजावी लागत असेल, तर अभ्यास मुलांचा कमी पडलेला नाही. तो आपला राहिला आहे.